ओंडके, राजे आणि अराकान : 'द ग्लास पॅलेस' बुटीबोरीतून वाचताना

मोबाईलवर मॅप उघडा आणि नागपूरवरून बोट सरळ उजवीकडे न्या. छत्तीसगड, ओडिशा, मग बंगालचा उपसागर, पलीकडे अराकानचा किनारा, त्यामागचे डोंगर, आणि ते ओलांडले की बगान. ब्रह्मदेशातलं पॅगोडांचं जुनं राजधानीचं शहर. अक्षांश नागपूरचाच, एकवीस अंशांच्या थोडा वर. मंडाले त्याहून जरा उत्तरेला. ऊनही आपल्यासारखंच. पाऊस तर आपल्याहून कमी, मंडालेला वर्षाला साधारण आठशे-साडेआठशे मिलिमीटर. अराकानचे डोंगर मोसमी ढगांना पश्चिमेलाच रिकामं करून घेतात आणि देशाचा मधला पट्टा कोरडा राहतो. त्या पट्ट्यात तीळ, कापूस, तूर, उडीद. कळमन्याच्या बाजारात 'लेमन तूर' म्हणजे काय ते विचारून बघा. ती बर्म्याची. २०२१ मध्ये भारताने पाच वर्षांसाठी करार केला, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून घेण्याचा. आमच्याकडच्या तुरीला काय भाव मिळणार यात इरावतीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचाही हात असतो, आणि दोघांना एकमेकांचं नाव माहीत नसतं.

इतका आपल्यासारखा देश, पण मराठी वाचकाला तो भेटतो तीनच ठिकाणी. मंडालेचा तुरुंग, रत्नागिरीचा थिबा पॅलेस आणि आम्हा नागपूरकरांना तिसरं ठिकाण म्हणजे दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा दिली ती भदंत चंद्रमणींनी. ते कुशीनगरहून आले होते, पण जन्माने अराकानचे. या तिन्ही गोष्टींत ब्रह्मदेशातून कुणीतरी इथे येतं किंवा इथून कुणीतरी तिथे नेलं जातं. देश स्वतः कुठेच दिसत नाही. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांच्या कोठडीची भिंत दिसते. भिंतीपलीकडे नदी आहे, बाजार आहे, लोक आहेत, हे आपण गृहीत धरतो आणि सोडून देतो.

अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही २००० साली आलेली इंग्रजी कादंबरी मला म्हणून महत्त्वाची वाटते. पाचशेहून जास्त पानं, १८८५ पासून १९९६ पर्यंतचा काळ, ब्रह्मदेश, मलाया आणि भारत. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण वसाहतवाद, स्थलांतर, आझाद हिंद सेना यांवर लिहितात. २००१ मध्ये घोष यांनी ती कॉमनवेल्थ पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली, त्याचीही बरीच चर्चा झाली. ते सगळं ठीक. माझं म्हणणं वेगळं आहे. ही कादंबरी सगळ्यात खरी असते ती कामाबद्दल लिहिताना. लाकूड कसं तोडतात, कसं वाहून नेतात, कोण वाहतं, पैसा कुठे जातो. जिथे ती कामापासून लांब जाते तिथे ती सैल होते. आणि एका जागी ती चक्क तोंड फिरवते. त्या जागेकडे मी शेवटी येईन.

आधी सागवान.

१८८५ चं युद्ध लाकडावरून झालं, हे शाळेच्या पुस्तकात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईत १८६३ मध्ये 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी उभी राहिली. थिबा राजाच्या जंगलातून सागवान काढायचा तिच्याकडे परवाना होता. राजाच्या मंत्रिमंडळाने म्हटलं, कंपनी ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेते आहे आणि महसूल बुडवते आहे. दंड ठोठावला, सुमारे तेवीस लाख रुपये. इंग्रजांनी अंतिम इशारा पाठवला, आगबोटी इरावतीतून वर गेल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला देश खालसा. फ्रेंचांची भीती, हिशेबाचं राजकारण, हे सगळं त्यात होतंच. पण निमित्त ओंडक्यांचं. ही कंपनी आजही मुंबईत आहे, आणि ब्रिटानियाचे निम्म्याहून थोडे जास्त शेअर तिच्या गटाकडे आहेत. चहात बिस्कीट बुडवताना आठवायला हरकत नाही.

कादंबरीची सुरुवात त्याच दिवसांत होते. मंडालेत खाण्याच्या टपरीवर काम करणारा राजकुमार नावाचा अकरा वर्षांचा बंगाली मुलगा तोफांचा आवाज ओळखतो. राजवाडा लुटला जातो तेव्हा तो आत शिरतो, राणीची दासी डॉली त्याला दिसते, आणि पुढे मोठा झाल्यावर तो तिला शोधत जातो. ही प्रेमकथा मला फार पटली नाही. मला ती सांगाड्यासारखी वाटते, ज्यावर बाकीचं टांगता यावं म्हणून उभा केलेला. राजकुमार पुढे साया जॉन नावाच्या ठेकेदाराच्या हाताखाली जंगलात जातो, आणि तिथून पुढची पानं मी दोनदा वाचली.

सागाचं ओलं लाकूड पाण्यात बुडतं. म्हणून झाड आधी उभ्याउभ्या मारतात. बुंध्याभोवती साल आणि खालचं कोवळं लाकूड कापून गोल खाच पाडायची, मुळातून वर जाणारं पाणी थांबतं, झाड जागेवर वाळतं. साधारण तीन वर्षांनी तोडायचं. मग हत्ती ते ओढून कोरड्या ओढ्यात आणून टाकतात आणि सगळे पावसाची वाट बघतात. मोसमी पाऊस आला की ओढ्याला लोंढा येतो, ओंडके एकमेकांवर आदळत खाली जातात, अडकले तर हत्तींनी मोकळे करायचे, मग उपनदी, मग इरावती, तिथे तराफे बांधायचे आणि रंगूनपर्यंत सोडायचे. एका झाडाला जंगलातून गिरणीपर्यंत पोहोचायला काही वर्षं लागतात. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे वाचताना रांग दिसते, साठा दिसतो, आणि वर्षातून एकदाच चालू होणारं, कुणाच्याही हातात नसलेलं बटण दिसतं. घोष हे सगळं समजावून सांगायच्या आविर्भावात लिहीत नाहीत. माहुतांची भीती, अँथ्रॅक्स झालेला हत्ती, जंगलात एकटा पडलेला विशीतला गोरा साहेब, तापाने मरणारी माणसं, यांतून ती यंत्रणा उभी राहते. जंगल तिथे पडद्यासारखं मागे लटकत नाही. पावसाला उशीर झाला तर गोष्टच पुढे सरकत नाही.

हे माझ्यापर्यंत पोहोचलं त्याला घरचंही कारण आहे. माझे आबाजी आलापल्लीच्या लाकूड डेपोत होते. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने शिक्का मारायचा, लांबी-गोलाई वहीत लिहायची, हे त्यांचं काम. वन खात्याचे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले होते की घरातली आंब्याची फांदी तोडतानासुद्धा ते 'परवानगी घेतली का' म्हणायचे. ते नियम कुठून आले, हे मला ही कादंबरी वाचल्यावर इकडेतिकडे शोधताना कळलं. १८५६ मध्ये डिट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस पेगूच्या सागवान जंगलांचा प्रमुख झाला. किती झाडं आहेत, दरवर्षी किती काढायची, कोणी काढायची याचा हिशेब त्याने तिथे बसवला. १८६४ मध्ये तोच हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. मध्य प्रांताच्या जंगलांना जी शिस्त लागली, म्हणजे राखीव जंगल, परवाना, शिक्का, आणि जंगलातल्या माणसाला त्याच्याच जंगलात चोर ठरवणारे नियम, तिचा पहिला मसुदा ब्रह्मदेशात लिहिला गेला होता असं म्हणायला हरकत नाही. हत्तीही आपल्याकडे होते. गडचिरोलीत कमलापूरचा हत्ती कॅम्प आज पर्यटकांसाठी आहे, पण ते हत्ती मुळात लाकूड ओढायचे.

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. नव्या संसद भवनातलं सागवान नागपूरकडून गेलं, आणि अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून. आलापल्लीच्या सागाला आता मान आहे. त्याच्यावर कुणी अशी चाळीस पानं लिहील, तर मी पहिला वाचक.

कादंबरीचा रत्नागिरीचा भाग मराठी वाचक उत्सुकतेने उघडेल. थिबा १८८६ मध्ये तिथे आला आणि १९१६ मध्ये तिथेच मेला, तीस वर्षं. थिबा पॅलेस १९१० मध्ये बांधून झाला. म्हणजे ज्या हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते, त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या घरात राहायला गेला. इतिहासाने केलेली ही अदलाबदल आपल्याला इतकी आवडते की आपण तिथेच थांबतो. मला त्यात पाऊस जास्त महत्त्वाचा वाटतो. आठशे मिलिमीटरच्या कोरड्या मुलखातला माणूस तीन हजारांहून जास्त पाऊस पडणाऱ्या कोकणात आणून ठेवला. ज्याने आयुष्यात राजवाड्याबाहेर फारसं पाऊल टाकलं नव्हतं, त्याला रोज समुद्र. घोष यांचा राजा गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतो आणि येणारी-जाणारी गलबतं बघतो, आणि गावाला त्याच्या त्या बघण्याची सवय होते. हे चित्र छान आहे. कैदेतला माणूस गावाच्या उपयोगी पडतो, एवढीशी गोष्ट, पण राजेपणाबद्दल पानभर भाषणापेक्षा जास्त सांगते.

तरी इथे माझी तक्रार आहे. रत्नागिरीत गाव दिसतं, गावकरी नाहीत. थोरली राजकन्या नोकरीवरच्या सावंत नावाच्या माणसापासून गरोदर राहते, हे खरंच घडलं होतं, आणि कादंबरीतही आहे. पण कादंबरीत त्याचा धक्का बसतो तो कलेक्टरला, त्याच्या बायकोला, सरकारला. सावंताच्या घरी काय झालं? त्याच्या आळीत, त्याच्या जातीत? त्या काळच्या कोकणात या गोष्टीचं काय झालं असेल याची कल्पना आपल्याला करता येते, घोष यांनी ती केलेली नाही. सुधा शाह यांचं 'द किंग इन एक्झाईल' हे २०१२ चं पुस्तक कादंबरी नाही, पण त्यात त्या चार राजकन्यांचं पुढचं आयुष्य कागदपत्रांतून येतं आणि जास्त बोचतं. पैसे, लग्नं, कर्ज, सरकारला लिहिलेले अर्ज. राजघराणं कसं संपतं, तर अर्जांनी. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन राजाच्या थडग्यापुढे उभे राहिले. घोष यांच्या पानांपेक्षा शाह यांच्या पानांनंतर तो फोटो बघावा.

मजूर हा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करणारा होता, आणि घोष यांचं श्रेय आधी मान्य करतो. त्यांचा नायक शुद्ध नाही. राजकुमार श्रीमंत होतो तो लाकडावर, पण त्याचं भांडवल येतं माणसांतून. बंगालचा उपसागर ओलांडून तो मजूर आणतो, येनांग्यांगच्या तेलविहिरींवर पुरवतो, दर डोक्यामागे पैसे मोजून घेतो. आमच्याकडे त्याला लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. बुटीबोरीची एमआयडीसी आशियातली सगळ्यात मोठी, असं आम्ही लहानपणी पाहुण्यांना सांगायचो. तिच्या आजूबाजूच्या चाळींत एका खोलीत सहा-आठ जण राहतात, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, छत्तीसगडचे. कंपनीच्या कागदावर ते कंपनीचे नसतात, ठेकेदाराचे असतात. ठेकेदार बरेचदा त्यांच्याच जिल्ह्यातला, आधी स्वतः मजूर म्हणून आलेला. राजकुमारही तसाच. कादंबरीत उमा त्याला तोंडावर सुनावते की या माणसांचं तू जे केलंस ते गोऱ्यांपेक्षा वाईट आहे, आणि त्याच्याकडेही उत्तर असतं, कारण अशा माणसाकडे उत्तर असतंच. हे भांडण कादंबरीतलं सगळ्यात चांगलं भांडण आहे, कारण दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत.

पण ज्यांच्यावरून भांडण आहे ते कुठे आहेत? ते जहाजाच्या तळाशी आहेत, विहिरीवर आहेत, रबराच्या मळ्यात रांगेत आहेत. नावं मालकांना आहेत. इलाँगो हा एक अपवाद, मळ्यावर वाढलेला, राजकुमारचाच मुलगा, आईवर जबरदस्ती झाल्यातून जन्मलेला. तो पुढे मोठा होतो, राजकारणात जातो. त्याच्या आईला मात्र कादंबरीने फारच थोडी जागा दिली आहे. पाचशे पानांत दागिन्यांना, मोटारींना, कॅमेऱ्यांना जागा आहे. घोष यांना कामाची भाषा इतकी नीट येते, म्हणूनच काम करणाऱ्याचं घर न उघडणं खटकतं.

१९४२ ची पानं याला अपवाद वाटावीत अशी आहेत. जपानी फौजा आल्यावर लाखो हिंदुस्थानी पायी निघाले, डोंगर आणि नद्या ओलांडत, आसाम-मणिपूरच्या दिशेने. किती मेले याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. गोऱ्यांसाठी वेगळ्या सोयी, वेगळे रस्ते. कादंबरीत एक आई थकून नदीत स्वतःला सोडून देते आणि म्हातारे आजी-आजोबा तिचं तान्हं बाळ घेऊन पुढे चालतात. त्या बाळाचं नाव जया. २०२० च्या मे महिन्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, हैदराबादकडून येणाऱ्या महामार्गावर, माणसं अशीच चालत होती. डोक्यावर बॅग, हातात बिसलरीची बाटली, उन्हात डांबर मऊ झालेलं. पोळ्या बांधून घेऊन जाणाऱ्यांत मीही होतो. एकाने विचारलं, "भैया, बनारस कितना है?" मी मोबाईलवर बघून आकडा सांगितला आणि तो बरं म्हणून पुढे निघाला. त्यानंतर कादंबरीतली ती पानं मी परत काढली. ती टिकली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाच्या डोक्यात मोठे विचार नसतात, पुढचं पाणी कुठे आहे एवढंच असतं, हे घोष यांना माहीत आहे.

त्यानंतरचा अर्जुनचा, आझाद हिंद सेनेचा भाग अनेकांना आवडतो. मला तो लांबलेला वाटतो. इंग्रजांच्या पलटणीतल्या हिंदी अधिकाऱ्याला एके दिवशी कळतं की आपण भाड्याचे आहोत, हा प्रश्न जबरदस्त आहे. पण तो प्रश्न अर्जुन, हार्डी आणि बाकीचे इतक्यांदा बोलून दाखवतात की वाचणाऱ्याला स्वतः काही शोधायला उरत नाही. जंगलात जे हत्तीकडून करून घेतलं ते इथे संवादांकडून करून घेतलंय.

आता ती जागा, जिथे कादंबरी तोंड फिरवते.

राजकुमार मुळचा कुठला? त्याचं कुटुंब चितगावकडचं, राहायचं अक्याबला. अक्याब म्हणजे अराकानचं बंदर, आजचं सितवे. तिथे तापाच्या साथीत त्याचं घर संपतं आणि तो पोरका होऊन बोटीवर लागतो. हे सगळं सुरुवातीलाच येतं आणि मग गोष्ट मंडालेकडे जाते, तिकडे परत वळत नाही. अराकान हा बंगालचा उपसागर आणि डोंगर यांच्यामधला अरुंद, प्रचंड पावसाचा पट्टा. चंद्रमणी तिथले. इंग्रजांविरुद्ध बोलून पुन्हापुन्हा तुरुंगात गेलेले भिक्खू ऊ ओत्तमा तिथले. आणि रोहिंग्या तिथले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने ठरवलं की ज्या जमाती १८२३ पूर्वीपासून देशात आहेत त्याच मूळच्या. त्या फूटपट्टीने राजकुमारही बाहेरचाच. म्हणजे कादंबरीचा नायक ज्या गावातून येतो तिथे त्याच्यासारख्या माणसाचं काय झालं, हा कादंबरीचाच प्रश्न होता. तो तिने विचारला नाही.

त्याऐवजी ती धर्म आणि राजकारण दोन्ही जरा सुंदर करून ठेवते. डॉली शेवटी सगाईंगच्या मठात निघून जाते. शांत, वैयक्तिक, डोंगरावरचा बौद्ध धर्म. नागपुरात वाढलेल्याला हे अपुरं वाटणारच. आमच्याकडे ब्रह्मदेशाशी नातं असलेला जो धम्म आला तो लाखोंच्या मैदानात आला, माणसाचा सामाजिक दर्जा बदलण्यासाठी आला. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले ते एकांत शोधायला नाही. आणि त्याच धर्माच्या नावावर अराकानमध्ये पुढे माणसांना गावाबाहेर काढलं गेलं. मैदानातला धर्म दोन्हीकडे जाऊ शकतो. कादंबरीत तो मैदानात येतच नाही.

शेवट १९९६ च्या रंगूनमध्ये आहे. आंग सान सू ची आपल्या घराच्या फाटकावरून लोकांशी बोलते, गर्दी ऐकते, राजकुमारचा मुलगा दिनू भारावून तिच्याबद्दल बोलतो. २००० साली हे वाचणाऱ्याला गहिवरून आलं असेल. मी वाचलं तेव्हा ऑगस्ट २०१७ नंतरचे, सात लाखांहून जास्त रोहिंग्यांचे बांगलादेशात जाणारे तांडे पाहून झाले होते, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात सू ची स्वतः आपल्या देशाच्या लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्याचं पाहून झालं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच लष्कराने त्यांना पुन्हा कैदेत टाकलं. भविष्य कळलं नाही म्हणून लेखकाला दोष देणं अन्याय्य आहे, तो मी देत नाही. पण १९९६ मध्ये दिसणारं जे होतं ते होतंच. १९९१-९२ मध्येच अडीच लाख रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेले होते, आणि कादंबरी जिथे संपते त्या वर्षीही त्यांतल्या काहींना परत पाठवणं चालू होतं.

कादंबरीत १९९६ मध्ये रंगूनला कोण जातं? जया. १९४२ च्या रस्त्यावरून वाचलेलं तेच बाळ, आता मध्यमवयीन, प्राध्यापक, आपल्या घराण्याचा माग काढत निघालेली. तिला दिनूकाकाचा फोटो स्टुडिओ सापडतो, ज्याच्या पाटीवर 'द ग्लास पॅलेस' लिहिलेलं असतं. तिथून पश्चिमेला, डोंगर ओलांडून, आजोबांचं अक्याब आहे. तापाची साथ येण्याआधी ते जिथे राहायचे ती गल्ली, चितगावची बोली बोलणारी तिथली माणसं, त्यांच्या ओळखपत्रांचं काय झालं ते. जयाने तिकडे जाणारी बोट पकडायला हवी होती. ते प्रकरण या पुस्तकात नाही, आणि ओंडक्यांवरची ती पानं ज्या हाताने लिहिली, त्याच हाताने लिहिलेलं ते प्रकरण मला वाचायचं होतं.